स्टारलिंकला युरोपीय पर्याय: ब्रँड राहू द्या, डिश कुठे वळते ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बर्लिनबाहेर ब्रांडेनबुर्गमधल्या एका गावात घर आहे. फायबर आलेलं नाही, तांब्याच्या तारेवर जेमतेम ६ एमबीपीएस मिळतात. सध्या स्टारलिंकचं उपग्रह-इंटरनेट आहे, पण ते अमेरिकन कंपनीच्या हातात असल्याने बदलायचं आहे. नवराबायको दोघंही घरून काम करतात, एकाला ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्यात शिरायची कुलूपबंद वाट) लागतं, मुलगा ऑनलाइन गेम खेळतो, रविवारी पुण्याला आईवडिलांशी व्हिडिओ कॉल असतो. युरोपीय पर्याय कोणते? वनवेब या उपग्रह-जाळ्यात भारतीचे पैसे आहेत, मग ते घरी का मिळत नाही? आणि घेतलेला संच पुढे रत्नागिरीजवळच्या घरी नेता येईल का?

आधी कटू भाग. घरगुती ग्राहकासाठी स्टारलिंकच्या तोडीस तोड युरोपीय सेवा आज नाही. जे आहे ते दोन टोकांना आहे. एका टोकाला भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहांवरची घरगुती सेवा: परवडते, वेग बरा मिळतो, पण पिंग (विनंती जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ६०० मिलिसेकंदांच्या पुढे. दुसऱ्या टोकाला वनवेब: पिंग ७० च्या आसपास, पण विक्री कंपन्या, जहाजं, सरकारी खाती यांनाच, आणि टर्मिनलची किंमत हजारो युरोंत. मधली जागा रिकामी आहे. म्हणून तुमच्यासारख्या घराला मी एकच सेवा सुचवणार नाही. जड डेटा भूस्थिर उपग्रहावर आणि कॉल, व्हीपीएन, गेम ४जी किंवा ५जी वर, अशी विभागणी सुचवीन. ती कशी करायची ते खाली येतंच, पण आधी बाजारात काय आहे ते बघू.

यात सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती नावांमुळे. युरोपीय नावाचा विक्रेता, जर्मन भाषेतलं संकेतस्थळ, युरोत बिल, आणि वरचा उपग्रह अमेरिकन कंपनीचा. ९ अंश पूर्वेचा, म्हणजे विषुववृत्तावर त्या रेखांशाच्या वर असलेला का-सॅट उपग्रह हे याचं ठळक उदाहरण. २०१०च्या डिसेंबरात फ्रान्सच्या युटेलसॅटने तो अवकाशात सोडला, पुढे २०२१ मध्ये तो पूर्णपणे व्हायासॅट या अमेरिकन कंपनीकडे गेला. ब्रिटनच्या इनमारसॅटचंही तेच झालं, मे २०२३ मध्ये तीही व्हायासॅटने घेतली. म्हणून विक्रेत्याला ब्रँड विचारू नका. विचारायचं ते एवढंच: डिश कुठल्या अंशावर वळवायची? २.७ पूर्व म्हटलं तर तो कोनेक्ट व्हीएचटीएस, ७.२ पूर्व म्हटलं तर कोनेक्ट, दोन्ही युटेलसॅटचे. ९ पूर्व म्हटलं तर व्हायासॅट. बर्लिनच्या अक्षांशावरून हे उपग्रह दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला दिसतात: २.७ पूर्वेसाठी दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) साधारण १९३, ७.२ साठी १८८, ९ साठी १८५.५. शेजाऱ्याची डिश कुणाची आहे हे होकायंत्रावरूनही ओळखता येतं. फक्त लोखंडी खांबाजवळ होकायंत्र धरू नका, आणि जर्मनीत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून तीन ते पाच अंश पूर्वेला सरकलेलं असतं तेवढं वरच्या आकड्यांतून वजा करा.

कोनेक्ट १६ जानेवारी २०२० रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ रॉकेटने गेला, क्षमता ७५ जीबीपीएस. कोनेक्ट व्हीएचटीएस ७ सप्टेंबर २०२२ रोजी, तोही एरियन ५ ने. त्याची क्षमता ५०० जीबीपीएस आणि वजन तब्बल ६.४ टन. दोन्ही थालेस अलेनिया स्पेसने बांधले. म्हणजे मालक, बांधणारा आणि रॉकेट तिन्ही युरोपीय. असा योग या धंद्यात विरळा. घरगुती ग्राहकाला आज ‘युरोपीय’ म्हणून काही घ्यायचं असेल तर ते मुख्यतः इथेच. फ्रान्समध्ये ऑरेंजने नोव्हेंबर २०२३ मध्ये याच उपग्रहावर २०० एमबीपीएस खाली, १५ वर, महिना ४९.९९ युरो अशी सेवा काढली. जर्मनीत स्कायडीएसएलसारखे विक्रेते आहेत. स्पेनमध्ये हिस्पासॅटमार्फत खेड्यांसाठी सरकारी अनुदानावर १०० एमबीपीएस महिना ३५ युरोत देण्याची योजना निघाली, पण ती स्पेनमधल्या पत्त्यापुरतीच. जर्मनीतले दर आणि डेटाच्या अटी सतत बदलतात, म्हणून करार करताना तीन गोष्टी लेखी घ्या: कुठल्या अंशावरचा उपग्रह, महिन्याला किती जीबीनंतर वेग घटतो, आणि घटल्यावर किती राहतो. ‘अमर्याद’ या शब्दावर जाऊ नका. संध्याकाळी ७ ते ११ मध्ये एका बीममधले (उपग्रहाच्या एकाच झोताखालच्या टापूतले) सगळे एकाच वेळी सिनेमे बघतात, तेव्हा जास्त डेटा वापरलेल्यांना मागे सारलं जातं. विक्रेत्याशी घासाघीस या संध्याकाळच्या वेगावर करायची, महिन्याच्या एकूण आकड्यावर नव्हे.

आता पिंग. बर्लिनहून २.७ पूर्वेचा उपग्रह सुमारे ३८,७०० किमी लांब आहे. तुमची विनंती वर जाते, ग्राउंड स्टेशनला उतरते, उत्तर परत वर जातं, तुमच्याकडे उतरतं: चार टप्पे, सुमारे १,५५,००० किमी. प्रकाशालाच त्याला ५१६ मिलिसेकंद लागतात. वर मोडेमचं वेळापत्रक आणि जमिनीवरचं जाळं धरून ६०० ते ७०० होतात. कुठलीही कंपनी, कितीही पैसे घेऊन, हा आकडा ५०० च्या खाली आणू शकत नाही. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किमीच्या आसपास आहेत, म्हणून तिथे तुम्हाला २५ ते ४० दिसतात.

याचा रोजच्या वापरात अर्थ काय? समजा एखादं पान उघडलं. डीएनएसची (नावावरून पत्ता शोधायची) एक फेरी, टीसीपीची (जोडणी बांधायची) एक, टीएलएस १.३ ची (तिला कुलूप लावायची) एक, मग प्रत्यक्ष पानाची एक. चार गुणिले ०.६५, म्हणजे पहिलं अक्षर यायच्या आत २.६ सेकंद गेले. ते २०० एमबीपीएसच्या जोडणीवर गेले काय आणि २० च्या जोडणीवर गेले काय, तेवढेच. एकदा ओघ सुरू झाला की मग वेग दिसतो. त्यामुळे सिनेमा, गाणी, विंडोजचे अपडेट, मोठ्या फायली उतरवणं हे उत्तम चालतं. व्हॉट्सअॅप कॉलही चालतो, फक्त दोघं एकदम बोलायला लागतात. एकाने थांबून बोलायची सवय दोन रविवारांत लागते. गेम मात्र विसरा. पत्ते, बुद्धिबळ चालेल, गोळीबाराचे गेम अजिबात नाही.

व्हीपीएनवर जरा थांबतो, कारण लोक इथेच सगळ्यांत जास्त वैतागतात आणि दोष डिशला देतात. टीसीपी पाठवणारा पोच मिळेपर्यंत ठरावीकच डेटा हवेत सोडतो. जुन्या ६४ केबीच्या मर्यादेत ०.६५ सेकंदांच्या फेरीवर वेग येतो सुमारे ८०० केबीपीएस, एक एमबीपीएससुद्धा नाही. १०० एमबीपीएस भरायचे तर सुमारे ८ एमबी सतत हवेत असायला हवं. यावर उपाय म्हणून उपग्रह कंपन्या मोडेममध्ये आणि ग्राउंड स्टेशनवर मध्यस्थ बसवतात, जो तुमच्या संगणकाला खोटी पोच लगेच देऊन टाकतो आणि खरी हाताळणी स्वतः करतो. साधं ब्राउझिंग त्यामुळेच सुसह्य होतं. पण व्हीपीएन चालू केलं की आतलं टीसीपी कुलूपबंद होतं, मध्यस्थाला काही दिसत नाही, आणि तीच जोडणी एकदम ८० वरून ३-४ एमबीपीएसवर येते. स्पीड टेस्ट व्हीपीएन बंद करून केली तर सगळं झकास दिसतं, म्हणून कंपनीचा मदतकक्षही ‘आमच्याकडे ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो.

यावर करण्यासारखं बरंच आहे. ऑफिसच्या आयटीवाल्यांना स्प्लिट टनेल मागा, म्हणजे फक्त ऑफिसचे पत्ते व्हीपीएनमधून जातील आणि बाकी थेट. सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल आणि लिनक्सवर असेल तर त्यावर टीसीपीचा ओघ ठरवणारी बीबीआर ही पद्धत लावा, लांब फेरीवर ते नेहमीच्या क्युबिक पद्धतीपेक्षा पुष्कळ बरं वागतं. फाइल सर्व्हरचं फोल्डर थेट उघडून काम करू नका. विंडोजची फाइल शेअरिंग पद्धत एका फोल्डरसाठी शेकडो फेऱ्या मारते, त्यामुळे ४० फायलींचं फोल्डर उघडायलाही मिनिट जाऊ शकतो. फाइल उतरवा, काम करा, परत चढवा. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरत असाल तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४२० ठेवा आणि कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा इशारा) २५ सेकंद, कारण उपग्रह कंपन्या बहुधा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता देत नाहीत आणि मधला नॅट (एकच पत्ता अनेकांत वाटणारी यंत्रणा) गप्प जोडणी विसरून जातो. आणि रिमोट डेस्कटॉपवर अक्षर दाबल्यावर पाऊण सेकंदाने उमटणार, याला कुठलीही सेटिंग नाही.

म्हणून विभागणी. घरात दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरच्या दोन जोडण्या घेणारा राउटर घ्या. एका पोर्टला उपग्रहाचा मोडेम, दुसऱ्याला मोबाइल जाळ्याचा. नियम असे लावा: ऑफिसच्या लॅपटॉपचा सगळा ट्रॅफिक, झूम-टीम्स आणि गेमचा संगणक मोबाइलवर. टीव्ही, फोनचे बॅकअप, कन्सोलची डाउनलोडं उपग्रहावर. एक पडला की दुसऱ्याने सांभाळायचं. पडलाय की नाही हे तपासायला राउटर ठरावीक पत्त्याला पिंग करतो. उपग्रहाच्या पोर्टसाठी त्याची वाट पाहण्याची मुदत किमान २ सेकंद करा, नाहीतर ५०० मिलिसेकंदांच्या मूळ सेटिंगवर राउटर चांगली जोडणी सतत मेलेली समजतो आणि दिवसभर इकडून तिकडे उड्या मारतो. ही चूक इतकी सर्रास आढळते की ‘उपग्रह दर मिनिटाला तुटतो’ अशी तक्रार आली की पहिलं हेच बघावं. डीएनएसचा कॅशे राउटरवरच ठेवा, प्रत्येक नावामागे पाऊण सेकंद वाचतो.

‘गावात मोबाइलला एकच काडी येते’ हे उत्तर मला अपेक्षित आहे. ती काडी घराच्या आतली, जाड भिंतीमागची असते. छतावर बाहेरचं युनिट लावा, ज्यात मोडेम आणि अँटेना एकाच डब्यात असतात आणि खाली फक्त इथरनेटची तार येते, वीजही त्याच तारेतून जाते. वर नुसती अँटेना आणि खाली मोडेम असं केलं तर मधल्या कोअॅक्स केबलमध्येच सिग्नल खर्च होतो, विशेषतः १८०० मेगाहर्ट्झच्या वर. जर्मन खेड्यांत तुम्हाला ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झचे बँड भेटतील, ते लांब पोचतात. मोडेमच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०० पेक्षा वर आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) १० च्या वर आला तर कामाचं जाळं आहे असं समजा. व्हिडिओ कॉलला ताशी साधारण एक ते दीड जीबी लागतो, त्यावरून प्लॅन ठरवा. कित्येकदा हे युनिट लावल्यावर ६० एमबीपीएस येतात आणि उपग्रहाची गरजच उरत नाही. तसं झालं तर आनंदाने डिश रद्द करा. युरोपीय पर्याय म्हणून मोबाइल मनोरा कमी अस्सल नाही.

आणखी एक दार आहे जे फार कमी लोक ठोठावतात. जर्मनीच्या दूरसंचार कायद्यात किमान पुरवठ्याचा हक्क आहे. २०२४च्या अखेरीपासून तो १५ एमबीपीएस खाली, ५ वर आणि लेटन्सी (म्हणजे पिंग) १५० मिलिसेकंदांच्या आत असा आहे. तुमची तार ६ एमबीपीएस देते, म्हणजे तुम्ही बुंडेसनेट्सअगेंटूर या दूरसंचार नियामकाकडे अर्ज करू शकता. १५० ची अट लक्षात घ्या: भूस्थिर उपग्रह दाखवून कुणी हा हक्क पुरा झाला म्हणू शकत नाही. मोबाइल किंवा खालच्या कक्षेतला उपग्रह मात्र चालतो, त्यामुळे आधी तेच दाखवलं जाईल. प्रक्रियेला महिने लागतात, पण अर्जाला खर्च नाही.

आता डिश बसवणं. भूस्थिर संचात साधारण ७५ सेंमीची डिश, तिच्या तोंडाशी पाठवणारं-घेणारं युनिट, कोअॅक्स आणि मोडेम एवढंच असतं. बर्लिनहून २.७ पूर्वेचा उपग्रह क्षितिजापासून २९ अंशांवर आहे. म्हणजे डिशपेक्षा १० मीटर उंच झाड त्या दिशेला असेल तर ते किमान १८ मीटर लांब हवं. हिवाळ्यात बसवलेली डिश मे महिन्यात मरते ती पानांमुळे. फांद्यांतून आरपार दिसत होतं, पालवी फुटली आणि गेलं. नॉर्वेत वर ट्रॉम्सोला गेलात तर हाच उपग्रह जेमतेम ११ अंशांवर उरतो, तिथे एक टेकाडसुद्धा आड येतं.

खांब अगदी उभा हवा. लेव्हल दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात लावून बघा. खांब एक अंश कलला तर डिशवरचे कोनाचे आकडे खोटे ठरतात आणि मग माणूस तासभर आकाश धुंडाळत बसतो. ७५ सेंमीच्या डिशचा झोत २० गिगाहर्ट्झवर सुमारे १.४ अंश रुंद, आणि पाठवायच्या ३० गिगाहर्ट्झवर एक अंशाहूनही कमी. टीव्हीची डिश एवढी नाजूक नसते, म्हणून टीव्हीवाला कारागीर ‘सिग्नल आला’ म्हणून उतरतो आणि पाठवण्याचा वेग पहिल्या पावसात कोसळतो. योग्य रीत अशी: उन्नयन (क्षितिजापासूनचा कोन) कायम ठेवून डिश आडवी हळू फिरवा, सिग्नल घसरू लागेल तिथे डावीकडे पेन्सिलची खूण, तितकाच घसरेल तिथे उजवीकडे खूण, आणि डिश बरोबर मध्ये. मग हेच उभ्या दिशेत. त्यानंतर नट एकेक पाव फेरा, आलटूनपालटून आवळा. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर डिश अर्धा अंश सरकतेच. शेवटी आकडा परत बघा, आवळण्याआधी होता तेवढाच हवा.

कोअॅक्स संचासोबत आलेलीच वापरा, मध्ये जोड नको, आणि मोडेमच्या पुस्तिकेत दिलेल्या लांबीच्या आत ठेवा. घरात शिरण्याआधी तारेला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. बाहेरच्या एफ कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा. दीड-दोन वर्षांनी ‘पाऊस पडला की तासभर बंद’ अशी तक्रार येते, तेव्हा दहापैकी सात वेळा त्या कनेक्टरमध्ये हिरवं तांबं सापडतं. जर्मनीत आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचे नियमही आहेत: छतावरच्या खांबाला १६ चौमिमी तांब्याची अर्थिंग, आणि कोअॅक्सच्या कवचाला ४ चौमिमीने घराच्या समविभव पट्टीशी (घरातली सगळी अर्थिंग जिथे एकत्र येते तिच्याशी) जोड. डिश भिंतीवर, छताच्या कडेपासून किमान २ मीटर खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर छताची अर्थिंग लागत नाही. भिंत दक्षिणेची असेल तर तिथेच लावा, पैसेही वाचतात आणि बर्फ झाडायला शिडीही लागत नाही. भुसभुशीत बर्फ फारसं काही करत नाही, ओला बर्फ डिशला चिकटला की जोडणी बंद.

जोरदार सरीत का-बँड (वरच्या २०-३० गिगाहर्ट्झच्या लहरी) दबतो. मोडेम तेव्हा स्वतःहून साधी मॉड्युलेशन (लहरींवर डेटा चढवायची रीत) घेतो, वेग निम्म्यावर येतो, फारच झालं तर दहा-पंधरा मिनिटं तुटतो. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला आणि परत ऑक्टोबरात काही दिवस दुपारी काही मिनिटं जोडणी जाते, कारण सूर्य नेमका उपग्रहामागे येतो. त्या दिवशी कारागिराला बोलावू नका.

करार ऑनलाइन केला असेल तर युरोपात १४ दिवसांत मागे घेता येतो. म्हणून संच आल्याआल्या बसवा आणि त्या १४ दिवसांत एक तरी शुक्रवार संध्याकाळ आणि एक कामाचा दिवस व्हीपीएन लावून तपासा. जर्मनीत पहिली मुदत २४ महिन्यांपेक्षा जास्त नसते आणि नंतर महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. तोवर स्टारलिंकचा संच विकू नका.

वनवेबचं आता. ६०० हून जास्त उपग्रह, १२०० किमीवर, ध्रुवांवरून जाणाऱ्या १२ कक्षांत. २०२० च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, ब्रिटिश सरकार आणि भारतीने प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती उचलली, सप्टेंबर २०२३ मध्ये ती युटेलसॅटमध्ये विलीन झाली. २०२५ च्या भांडवलवाढीनंतर फ्रेंच सरकारचा वाटा सुमारे ३० टक्के, भारतीचा सुमारे १८, ब्रिटिश सरकारचा सुमारे ११. आपल्याकडचा धागा नुसता पैशांचा नाही. २०२२ मध्ये बैकोनूरहून रशियन रॉकेटं बंद झाली तेव्हा ७२ उपग्रह इस्रोच्या एलव्हीएम३ ने श्रीहरिकोट्याहून गेले: ३६ ऑक्टोबर २०२२ मध्ये, ३६ मार्च २०२३ मध्ये.

घरी का नाही, याचं कारण टर्मिनल. उपग्रह १०९ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो, तुमच्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. एका प्रकारच्या संचात म्हणून दोन फिरत्या डिश असतात: एक मावळत्या उपग्रहाला धरून, दुसरी उगवत्याला. दुसरा प्रकार सपाट, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झोत वळवणारा. स्टारलिंक असे सपाट संच लाखोंनी बनवते आणि स्वस्तात देते. वनवेबचे संच छोट्या संख्येत बनतात, म्हणून हजारो युरो पडतात. शिवाय पहिल्या पिढीच्या उपग्रहांत आपसातले लेझर दुवे नाहीत, त्यामुळे तुम्हाला आणि ग्राउंड स्टेशनला एकच उपग्रह एकाच वेळी दिसावा लागतो. जर्मनीत ते जमतं, भर समुद्रात जपून. एका टर्मिनलला १९५ एमबीपीएस खाली आणि ३२ वर एवढी जाहीर कमाल आहे. ग्रामपंचायत, दवाखाना, शेतमाल प्रक्रियेचं युनिट, बोट असेल तर वितरकाकडून भाव मागवा आणि ‘हमखास किती’ म्हणजे सीआयआर विचारा. कमाल आकडा जाहिरातीसाठी असतो. गावातल्या दहा-बारा घरांनी मिळून एक टर्मिनल घेऊन वाय-फायने वाटायचा विचार करत असाल तर करारात पुनर्विक्रीला परवानगी आहे का ते आधी बघा, बहुतेक ठिकाणी नसते.

आणि वनवेबही निखळ युरोपीय नाही. पहिल्या पिढीचे उपग्रह एअरबसच्या भागीदारीत बांधले, पण फ्लोरिडात. सपाट टर्मिनलांपैकी एक ह्यूजचं, म्हणजे अमेरिकन, दुसरं इंटेलियनचं, म्हणजे कोरियन. ऑक्टोबर २०२४ मध्ये वनवेबचे २० उपग्रह स्टारलिंकची मालक असलेल्या स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ रॉकेटने गेले. पुढची १०० उपग्रहांची ऑर्डर डिसेंबर २०२४ मध्ये एअरबसला गेली, ते तूलूझला बांधायचे आहेत. उलट गंमत म्हणजे अॅमेझॉनचं अमेरिकन जाळं, आधीचं कायपर आणि नोव्हेंबर २०२५ पासूनचं लिओ, त्याने युरोपच्या एरियन ६ ची १८ उड्डाणं राखून ठेवली आहेत.

‘युरोपीय म्हणजे सुरक्षित’ हेही गृहीत धरू नका, जाळं कुणाचंही पडू शकतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याच्या सकाळी का-सॅटच्या जाळ्यात शिरून हजारो मोडेमांची मेमरी पुसली गेली, त्यात जर्मनीतल्या एनरकॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण गेलं. वनवेब ३१ डिसेंबर २०२४ ला सुमारे दोन दिवस बंद होतं, कारण जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने २०२४ हे लीप वर्ष धरलं नव्हतं, ३६६ वा दिवस त्याला माहीतच नव्हता. स्टारलिंकही २४ जुलै २०२५ ला अंतर्गत सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभर अडीच तास गेलं. दोन वेगळ्या वाटांची जोडणी हा सल्ला मी यासाठीही देतो.

एसईएसचं नाव तुम्हाला दिसेल. लक्झेंबर्गची कंपनी, ८,०६२ किमीवरचं ओथ्रीबी एमपॉवर हे उपग्रह-जाळं, पिंग १५० च्या आसपास. पण हे उपग्रह विषुववृत्तावर आहेत, बर्लिनहून ते फार तर १२ अंशांवर दिसतील, आणि ग्राहक म्हणजे क्रूझ जहाजं नि टेलिकॉम कंपन्या. घरासाठी सोडून द्या. युरोपीय संघाचं आयरिस-स्क्वेअर खरं जाळं ठरेल: सुमारे २९० उपग्रह, १०.६ अब्ज युरो, एसईएस, युटेलसॅट आणि हिस्पासॅट यांच्याशी करार १६ डिसेंबर २०२४ रोजी. पण सेवा २०३० च्या आसपास, आणि पहिला मान सरकारांचा. त्याच्या भरवशावर आजचा निर्णय लांबवू नका.

रत्नागिरीचं उत्तर छोटं आहे. कोनेक्टचे झोत युरोप-आफ्रिकेवर आहेत, कोकणात तो संच म्हणजे नुसता पत्रा. वनवेबकडे भारताचा परवाना ऑगस्ट २०२१ पासून आहे, गुजरातेत मेहसाणा आणि दक्षिणेत तमिळनाडू इथे ग्राउंड स्टेशनं आहेत, पण तिथेही ग्राहक कंपन्या आणि सरकार हेच. स्टारलिंकला परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. कुठलंही सॅटेलाइट टर्मिनल परवान्याशिवाय बॅगेत घालून भारतात नेऊ नका. गोव्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये साधं खिशातलं सॅटेलाइट संदेशयंत्र सापडलं म्हणून परदेशी प्रवाशाला अडवलं गेलं होतं, आणि ते डिशपेक्षा कितीतरी लहान होतं.